मॅनशार्ट, क्लिफर्ड

मॅनशार्ट, क्लिफर्ड : (१८९७–१९८९). भारतातील व्यावसायिक समाजकार्य शिक्षणाचे आद्य प्रवर्तक आणि मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाचे, म्हणजेच आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे, पहिले संचालक. ज्या वस्तीत प्रश्न आहे त्याच वस्तीत राहून समाजकार्याचे शिक्षण घेतले पाहिजे, हे त्यांच्या कार्याचे मूलतत्त्व होते. मुंबईच्या कामगार वस्तीत रुजलेल्या या तत्त्वाला सुमारे अर्ध्या शतकानंतर धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर येथे ग्रामीण रूप मिळाले.

जन्माने अमेरिकन असलेल्या मॅनशार्ट यांनी शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९२५ मध्ये ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आले. मुंबई, अहमदनगर, सोलापूर या भागांत शाळा व दवाखाने चालवणाऱ्या या मिशनने त्यांच्यावर भायखळ्याजवळील नागपाडा या दाट वस्तीतील काम सोपवले. तेथे १९२६-२७ च्या सुमारास त्यांनी ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ उभारले. हे केंद्र ‘सेटलमेंट’ पद्धतीचे होते. सुशिक्षित कार्यकर्त्यांनी गरीब वस्तीत बिऱ्हाड करावे, शेजारी म्हणून तेथील लोकांच्या अडचणी समजून घ्याव्यात आणि त्यांच्याच सहभागाने उपाय योजावेत, ही त्या पद्धतीची कल्पना असून लंडनचे टॉयनबी हॉल (१८८४) आणि जेन ॲडम्स यांचे शिकागोतील हल हाउस (१८८९) ही तिची प्रसिद्ध उदाहरणे होत. हिंदू, मुसलमान, ज्यू व ख्रिस्ती कुटुंबे जवळजवळ राहत असलेल्या नागपाड्यात हे केंद्र सर्व धर्मीयांना खुले होते आणि वाचनालय, वर्ग, खेळ व आरोग्यसेवा अशा वाटांनी ते लोकांच्या रोजच्या जगण्याशी जोडले गेले.

या अनुभवातून मॅनशार्ट यांची अशी धारणा झाली की, केवळ दयाबुद्धीने केलेली मदत तात्पुरती ठरते. दारिद्र्य, बेकारी, आजार व कौटुंबिक विघटन यांची कारणे अभ्यासून काम करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते देशातच तयार व्हायला हवेत. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या सर दोराबजी टाटा न्यासाने ही सूचना उचलून धरली आणि १९३६ मध्ये नागपाड्याच्याच केंद्रात विद्यालय सुरू झाले. पहिल्या तुकडीत २० विद्यार्थी होते व अभ्यासक्रम पदवीनंतरचा, दोन वर्षांचा होता. एका व्यक्तीची अडचण तिच्या कुटुंबाच्या व परिस्थितीच्या संदर्भात सोडवणारे व्यक्तिसहाय्य कार्य, समान गरजा असलेल्यांना एकत्र आणणारे गटकार्य आणि संपूर्ण वस्तीला संघटित करणारे समुदाय संघटन या समाजकार्याच्या मुख्य पद्धती मानल्या जातात. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे क्षेत्रकार्य. क्षेत्रकार्यात विद्यार्थी ठरावीक दिवशी रुग्णालयात, कारखान्यात किंवा वस्तीत काम करतो, पाहिलेले व केलेले सारे अहवालात नोंदवतो आणि मार्गदर्शकासोबत त्याची चिकित्सा करतो. वर्ग आणि वस्ती यांची ही सांगड आजही देशभरातील समाजकार्य महाविद्यालयांत पाळली जाते. विद्यालयाशी संलग्न बालमार्गदर्शन चिकित्सालय १९३७ मध्ये सुरू झाले, तर ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ या नियतकालिकाचे प्रकाशन १९४० मध्ये सुरू झाले.

मॅनशार्ट १९४१ मध्ये संचालकपदावरून निवृत्त झाले व जे. एम. कुमारप्पा यांनी ते पद स्वीकारले. विद्यालयाला १९४४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ मध्ये ते देवनारला गेले आणि १९६४ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ‘पायोनिअरिंग ऑन सोशल फ्रंटिअर्स इन इंडिया’ (१९६७) या ग्रंथात मॅनशार्ट यांनी आपल्या भारतातील कार्याचा आढावा घेतला आहे.

त्यांच्या आराखड्याची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. त्याचा उगम पाश्चात्त्य औद्योगिक शहरांच्या अनुभवात होता. बहुसंख्य भारतीय ज्या खेड्यांत राहतात तेथील जात, जमीन, पाणी व हंगामी मजुरी यांचे प्रश्न त्यात पुरेसे सामावत नव्हते. १९६२ ते १९८२ या काळात संस्थेचे संचालक असलेले समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे यांनी समाजकार्य शिक्षणाचा विचार भारतीय समाजरचनेच्या संदर्भात मांडला, तर त्यांच्यानंतर आर्मायटी देसाई यांच्या कारकिर्दीत (१९८२–९५) संस्थेचे ग्रामीण केंद्र तुळजापूर येथे उभे राहिले.

बालाघाटच्या डोंगररांगांतील धाराशिव जिल्हा अवर्षणप्रवण आहे. येथील अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणून मोजले जाते आणि मुलांची शाळा मध्येच सुटते. अशा गावात समाजकार्याच्या विद्यार्थ्याला शिवारफेरी करून विहिरींची पाणीपातळी समजून घ्यावी लागते, घरोघरी जाऊन कोण तोडीला गेले व मागे कोण राहिले याची नोंद घ्यावी लागते आणि ग्रामसभेत कोणाचा आवाज उमटत नाही हेही पारखावे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली, तेव्हा संस्थेने भूकंपग्रस्त गावांतील कुटुंबांचे व घरांच्या हानीचे विस्तृत सर्वेक्षण केले. पुढील पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर कोठे व कसे हवे हे ठरवताना लोकांचा सहभाग किती मोलाचा असतो, हे त्या काळात प्रकर्षाने दिसून आले. तुळजापूर येथे २००४ पासून ग्रामीण विकासाशी निगडित पदव्युत्तर समाजकार्य शिक्षण आणि २०१२ पासून समाजकार्याचा पदवी अभ्यासक्रम सुरू झाला.

मॅनशार्ट यांनी समाजसेवेला अभ्यास, शिस्त व व्यावसायिक जबाबदारी यांची जोड दिली, हे त्यांचे सर्वांत मोठे योगदान होय. मात्र त्यांचा वारसा त्यांनी तयार केलेला अभ्यासक्रम जसाच्या तसा चालवण्यात नाही. तो त्यांच्या कार्यपद्धतीत आहे. नागपाड्याने चाळीतील कामगाराला समजून घेण्याची रीत घालून दिली; तीच रीत कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन मजूर आणि ऊसतोड कामगार यांच्यापर्यंत नेणे हे ग्रामीण समाजकार्य शिक्षणाचे खरे प्रयोजन असून धाराशिवसारख्या जिल्ह्यात त्याची गरज आजही तितकीच तीव्र आहे.