नळी काढायची कधी?

घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांसाठी न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर यांनी १८८० च्या दशकात उपकरणांचा एक संच तयार केला. त्यात वेगवेगळ्या मापांच्या धातूच्या नळ्या होत्या, स्वरयंत्रात नळी बसवण्याचं एक हत्यार होतं आणि ती काढण्याचं दुसरं. नळी काढणं हे स्वतंत्र काम आहे, हे इतक्या लवकर कळलं होतं. तरी पुढची शंभर वर्षं वैद्यकाची बुद्धी मुख्यतः नळी घालण्यावरच खर्च झाली. त्याआधीच ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएन यांनी १८७८ साली तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घालून क्लोरोफॉर्मची भूल दिली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात, चेहरा उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांच्या शस्त्रक्रियांसाठी मॅगिल आणि रोबोथम यांनी रबरी नळी रूढ केली. नळी घालण्याचा इतिहास असा नावानिशी सांगता येतो. काढण्याचा तसा सांगता येत नाही, कारण तो निर्णय ज्याच्या त्याच्या अनुभवावर आणि अंदाजावर सोडलेला होता. माझं म्हणणं असं की नळी काढणं सुरक्षित होऊ लागलं ते प्रामुख्याने या अंदाजाच्या जागी एक ठरलेला प्रश्न रोज विचारला जाऊ लागल्यामुळे. नव्या यंत्रांचा वाटा त्यात दुय्यम आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा अतिदक्षता विभागात मिळतो. कोपनहेगनमध्ये १९५२ साली पोलिओची साथ आली, तेव्हा भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांच्या सल्ल्याने रुग्णांच्या गळ्याला छेद देऊन नळ्या बसवल्या गेल्या आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून त्यांना श्वास देत राहिले. दीर्घकाळ कृत्रिम श्वास देता येतो हे सिद्ध झालं, आणि त्याबरोबरच तो थांबवायचा कधी हा प्रश्नही आला. श्वासाचे स्नायू दुबळे झालेले असतात, म्हणून आधार हळूहळू कमी करावा, हे उत्तर सगळ्यांना पटण्यासारखं होतं. त्याच विचारातून १९७३ साली यंत्राचे श्वास टप्प्याटप्प्याने घटवत नेण्याची पद्धत आली आणि पुरेशी पारख न होताच जगभर पसरली. ती पारख १९९५ साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी केली. आधार सोडण्याजोगे वाटणाऱ्या ५४६ रुग्णांना त्यांनी दोन तास स्वतःच्या बळावर श्वास घेऊ दिला. त्यातल्या ४१६ जणांना काहीच अडचण आली नाही आणि त्यांची नळी लगेच काढली गेली. म्हणजे चारातल्या तिघांना ‘हळूहळू’ची गरजच नव्हती. उरलेल्या १३० जणांवर चार पद्धतींची तुलना झाली, तीत टप्प्याटप्प्याची ही लोकप्रिय पद्धत सर्वांत संथ ठरली. दिवसातून एकदा चाचणी घेतलेले रुग्ण तिच्या सुमारे तिप्पट वेगाने मोकळे झाले.

यावर आक्षेप येतो तो अनुभवी डॉक्टरांकडून: प्रत्येक रुग्ण वेगळा, त्याला एकाच नियमात कसं बसवणार? अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या ३०० रुग्णांच्या अभ्यासात याचं उत्तर सापडतं. तिथे रोज सकाळी रुग्णांची तपासणी व्हायची, योग्य वाटेल त्याची श्वासाची चाचणी व्हायची आणि तो उत्तीर्ण झाला की डॉक्टरांना कळवलं जायचं. शेवटचा निर्णय डॉक्टरांचाच होता. तरी यंत्रावरचा काळ सहा दिवसांवरून साडेचारवर आला आणि पुन्हा नळी घालावी लागण्याचं प्रमाण १० टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर उतरलं. नियमाने डॉक्टरांचा विवेक काढून घेतला नाही, तो वापरायची वेळ तेवढी त्यांच्या लक्षात आणून दिली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चाचणीत उत्तीर्ण झालेले काही रुग्णही पुढे कोसळतात. १९९७ च्या एका अभ्यासात ज्यांना पुन्हा नळी घालावी लागली त्यांच्यातला मृत्युदर ४३ टक्के होता, इतरांमध्ये १२. मग आणखी दोन दिवस थांबलेलं बरं नाही का? पण थांबणंही फुकट मिळत नाही: न्यूमोनियाचा धोका वाढतो, स्नायू आणखी झिजतात. शिवाय चाचणी फुप्फुसांचं बळ सांगते. खोकून कफ बाहेर टाकता येईल का, शुद्ध किती आहे, स्वरयंत्राला सूज आहे का, हे सांगत नाही. तेव्हा यातून निघतो तो धडा थांबण्याचा नसून आणखी प्रश्न जोडण्याचा आहे. नळीभोवतीचा फुगा सैल करून बाजूने हवा सुटते का हे पाहणं, हा असाच एक जोडलेला प्रश्न.

शस्त्रक्रियागृहात दिवसांऐवजी मिनिटांचा हिशेब असतो, आणि तिथे जाग उशिरा आली. अमेरिकेत अवघड श्वासमार्गाविषयीची मार्गदर्शक तत्त्वं १९९३ साली आली. त्यानंतर भरपाईच्या दाव्यांचा अभ्यास झाला, त्यात भूल देतानाच्या घटनांत मृत्यू वा मेंदूला इजा होण्याचं प्रमाण ६२ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलेलं दिसलं. भूल उतरवतानाच्या घटनांत तशी घट दिसली नाही. ब्रिटनमधल्या २०११ च्या देशव्यापी पाहणीतही भुलेशी संबंधित गंभीर घटनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश भूल उतरताना किंवा त्यानंतर घडलेल्या होत्या. पुढच्याच वर्षी तिथे नळी काढण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं निघाली, भारतात ती २०१६ साली आली. कुणी म्हणेल की इथे खरं श्रेय औषधांचं. १९४२ पासून वापरात आलेल्या क्युरारेने स्नायू लुळे पडत. आज तसल्या औषधांचा असर उतरवणारी प्रभावी औषधं हाताशी आहेत. ते खरंच आहे. पण असर किती उरला आहे हे नुसतं पाहून कळत नाही. मनगटाजवळच्या मज्जातंतूला विजेचे चार हलके झटके द्यायचे आणि अंगठ्याची चौथी हालचाल पहिलीच्या किमान ९० टक्के भरते का ते मोजायचं, तेव्हा कळतं. औषध असूनही मोजणारं कुणी नसेल, तर निर्णय पुन्हा अंदाजावरच येतो.

दोन तासांच्या त्या चाचणीला कोणतंही नवं यंत्र लागत नाही, त्यामुळे ती छोट्या गावातल्या रुग्णालयातही व्हायला हवी. लागतं ते रुग्णाजवळ दोन तास लक्ष देऊन थांबणारं माणूस. एका परिचारिकेवर अनेक खाटांचा भार असेल, तर रोजचा प्रश्न रोज विचारला जात नाही आणि नळी एकेक दिवस जास्त राहते. म्हणून अतिदक्षता विभागासाठी पैसे मंजूर करणाऱ्याने नव्या व्हेंटिलेटरच्या आधी पाळीवरच्या परिचारिका मोजाव्यात.