आंबवणे आधी, सोडा नंतर

१/ अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, हे वर्ष कोरलेले आहे. ते उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राजवटीत उभे राहिले. याच घराण्यातील अपरादित्याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. खाण्यापिण्याची शुद्धाशुद्धता हा त्या स्मृतीचाही एक विषय.

२/ स्मृतिकारांनी ‘शुक्त’, म्हणजे आंबलेले अन्न, वर्ज्य मानले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मात्र अपवाद आहे: दही, दह्याचे पदार्थ आणि चांगली फुले, मुळे, फळे घालून आंबवलेले पदार्थ. सुरेचा निषेध कायम राहिला. आंबणे वेगळे, मद्य वेगळे, ही रेषा तेव्हाच आखली गेली.

३/ आंबवणातील यीस्ट साखरेपासून कार्बन डायऑक्साइड तयार करते. त्याचेच बुडबुडे होतात. १७६७ मध्ये लीड्स येथे जोसेफ प्रीस्टलीने बिअरच्या पिंपावर साठलेला हाच वायू पाण्यात मिसळला. सोडा म्हणजे आंबवणाची उसनी फसफस.

४/ म्हणून घरी आल्याचे किंवा फळांचे फसफसते पेय करणारा सोड्याची नक्कल करीत नाही. जुनी रेषा मात्र त्यालाही पाळावी लागते: पेय अधिक दिवस ठेवले की मद्यार्क वाढतो आणि घट्ट झाकलेली बाटली फुटते.