चौकातली झाडं, वेशीवरचा दगड



चीन-जपानकडे काळ्या शाईने चित्रं काढायची फार जुनी रीत आहे. त्यात पाइन, बांबू आणि प्लम यांना ‘हिवाळ्यातले तीन मित्र’ म्हणतात, कारण थंडीतही ते तग धरतात. बांबू वाकतो, पण मोडत नाही. दगड म्हणजे टिकून राहणं. बघणाऱ्याला या खुणा कळतात.

आपल्या डहाणू-तलासरीच्या भिंतींवरही अशा खुणा आहेत. लग्नघरी सवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं की झाला ब्रश. त्यांच्याकडे बांबू चित्रात, आपल्याकडे तो हातात! चौकात बसते पालघट, झाडापाल्याची आणि सुफळतेची देवी. देवचौकात पंचशिऱ्या देव, त्याच्या अंगातून धान्याची कणसं फुटलेली. भोवती ताडामाडाची झाडं. नवरा-नवरीचा संसार असाच पिको, हा त्याचा अर्थ. धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा देव चौकात येतात.

दगड मात्र आपण चित्रात फारसा काढत नाही. तो वेशीवर उभा असतो. वाघोबाच्या दगडावर किंवा लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरतात, शेंदूर लावतात. झाडं घर पिकवतात, दगड गाव राखतो.

१९७० नंतर भास्कर कुलकर्णी इकडे आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वारली कलाकार जपानलाही जाऊन आले. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. हा आपल्या सगळ्यांचा मान आहे. पण चौक लिहिणारी मूळची बाईच, आणि तिचं नाव कुठेच नाही.

आज गटांना कापडी पिशव्यांची, फाइलींची कामं मिळतात. तारपा नाच, शेती, झाडं आनंदाने काढा, दामही नीट मागा. पण पायपुसण्यावर पालघट काढायची का, हे गिऱ्हाइकाने नव्हे, आपण ठरवायचं. ते ठरवायला अर्थ माहीत हवा. तो चौक लिहिणाऱ्या म्हाताऱ्या बायांकडे आहे. पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा, एकेका खुणेचा अर्थ विचारा आणि गटाच्या वहीत त्यांच्या नावानिशी लिहून ठेवा.