बिरसीचें आकाश आणि भ्रमणध्वनि

गोंदियानजीक बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश सरकारनें बांधली. चालू शतकांत तेथें वैमानिकांचें शिक्षण सुरू झालें, आणि आतां लहान शिकाऊ विमानें भाताच्या शेतांवरून घिरट्या घालतांना तेथील लोक नित्य पाहतात. खालीं शेतकऱ्याच्या खिशांतहि भ्रमणध्वनि असतो. वर मात्र त्याच्या वापरास बंदी! ही बंदी आली कशी, हें पाहणें उद्बोधक आहे.

विमान पडेल या भीतीनें ती घातली गेली, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा होय. प्रवाशांजवळच्या रेडिओमुळें दिशादर्शक यंत्रें चुकतील म्हणून १९६१ सालीं अमेरिकेंत निर्बंध आले, हें खरें. परंतु १९९१ सालीं तेथील दळणवळण आयोगानें उडत्या विमानांतून भ्रमणध्वनि वापरण्यास जी मनाई केली, ती जमिनीवरील लोकांच्या सोयीसाठीं. जमिनीवरचें यंत्र जवळच्या मनोऱ्याशीं बोलतें. उंचावरून मात्र त्याच्या लहरी एकाच वेळीं दूरदूरच्या अनेक मनोऱ्यांस गांठतात आणि सर्वांच्याच कामांत व्यत्यय आणतात.

भारतांत भ्रमणध्वनीवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांमध्यें झालें. विमानांतील निर्बंध पुढें सैल होत गेले. २०१४ सालीं संदेशवहन बंद ठेवून उपकरणें वापरण्याची मुभा मिळाली. २०१८ च्या नियमांनीं विशेष यंत्रसामग्री असलेल्या विमानांत ३,००० मीटरांवर संभाषणाचीहि वाट मोकळी केली. पण शिकाऊ विमानें बहुधा याहून खालींच उडतात. ही सवलत मोठ्या विमानांतील प्रवाशांची. बिरसीच्या विद्यार्थ्यांची नव्हे.

आणि ती नसावीच, असें आम्हांस वाटतें. मोठ्या विमानांत प्रवासी निराळे, वैमानिक निराळे. लहान विमानांत जो बोलेल तोच बहुधा विमान चालवीत असतो. १८ मार्च २०२३ रोजीं बिरसीहून निघालेलें एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ अरण्यांत कोसळलें व आंतील दोघेहि मृत्यु पावले. त्या अपघाताशीं भ्रमणध्वनीचा संबंध आम्ही जोडीत नाहीं. पण आकाशांत चुकीस क्षमा किती थोडी, हें त्यावरून उमगतें.

विमानाचा रेडिओ बंद पडल्यास भ्रमणध्वनि अखेरचा आधार होऊं शकतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि अशा प्रसंगासाठीं दिव्याच्या खुणेची जुनी रीत आजहि आहे : नियंत्रण-मनोऱ्यावरून स्थिर हिरवा दिवा दिसला कीं उतरावें, स्थिर तांबडा दिसला कीं घिरट्या घालीत राहावें. ती खूण दिसावयास वैमानिकाची दृष्टि खिडकीबाहेर असावी लागते. कायदा लहरींच्या भीतीनें जन्मला असेल. आज त्याचें खरें काम ही दृष्टि राखण्याचें आहे.