गुरांचे वाडे आणि गवताचे पट्टे

शेणाला मराठी शेतकरी घाण म्हणत नाही. उकिरडा घरामागे असला, तरी त्याची गणना संपत्तीतच होते. कारण चार-सहा जनावरांचे शेण आणि चार-सहा एकर जमीन यांचा हिशेब वर्षअखेर जुळतो. हा हिशेब जेथे मोडला तेथे काय घडले, आणि तो पुन्हा जुळविण्यासाठी माणसाला कोठे परतावे लागले, याचा इतिहास अमेरिकेच्या मध्यभागातील सपाट प्रदेशात पाहावयास मिळतो.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथील मांसासाठीची गुरे प्रथम कुरणावर वाढत आणि अखेरचे काही महिने आयोवा, इलिनॉय यांसारख्या राज्यांतील लहान शेतकऱ्यांच्या दारी मका खाऊन पुष्ट होत. त्यांचे शेण त्याच मक्याच्या शेतात जाई. युद्धानंतर मका मुबलक झाला, रासायनिक खत स्वस्त झाले, आणि भूगर्भातील पाणी उपसून कोरड्या पठारावरही धान्य पिकू लागले. मग हजारो गुरे एकाच जागी कोंडून, दाणा घालून पोसण्याचा धंदा नेब्रास्का, कॅन्सस, कोलोरॅडो, टेक्सास या राज्यांत फोफावला. अशा उघड्या वाड्यांना ‘फीडलॉट’ म्हणतात. तेथे खुरांखाली गवताची काडीही उगवत नाही. सुमारे ४५० किलो वजनाचे जनावर दिवसाला २५ किलोंहून अधिक शेणमूत्र टाकते. म्हणजे १०,००० जनावरांच्या वाड्यात दररोज २५० टन! एवढे खत जिरविण्याइतकी जमीन वाड्याभोवती क्वचितच असे.

कोरड्या दिवसांत हे संकट दिसत नसे. परंतु वळवाची एखादी जोराची सर आली की वाड्याचा उतार धुऊन निघे आणि तांबूसकाळे पाणी ओढ्याला मिळे. नदीत पडलेली ही घाण कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते. त्यात अमोनियाचे विष मिसळते. १९६० नंतरच्या दशकात कॅन्ससमधील नद्यांत मेलेले मासे तरंगू लागले, तेव्हा संशोधकांनी हे पाणी तपासले. ते शहराच्या सांडपाण्याहून कितीतरी पटींनी उग्र असल्याचे आढळले. धोका केवळ माशांना नव्हता. विहिरीच्या पाण्यातील नायट्रेटमुळे तान्ही बालके निळी पडतात, हे आयोवातील डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी १९४५ सालीच दाखवून दिले होते, आणि नायट्रेट विहिरीत उतरण्याची एक वाट गुरांच्या वाड्यातूनच जाते.

१९७२ साली अमेरिकेच्या काँग्रेसने जलशुद्धीचा कायदा केला आणि मोठ्या फीडलॉटना कारखान्यांच्या पंक्तीत बसविले. १९७४ च्या नियमांनी असे ठरविले की, पंचवीस वर्षांत एखाद्या वेळी पडणाऱ्या २४ तासांच्या मुसळधार पावसाचा अपवाद सोडल्यास, मोठ्या वाड्यातील पाणी नदीत जाता कामा नये. त्यासाठी मोठमोठी तळी खोदण्यात आली. मात्र तळ्याला खर्च फार. त्याला दुर्गंधी येते, तळ नीट बांधला नाही तर ते पाझरते, आणि साठलेले पाणी पुढे पंपाने शेतात सोडावेच लागते. शे-दोनशे जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडणारे नव्हते.

अशा वेळी संशोधकांची दृष्टी गवताकडे वळली. वाड्याच्या खालच्या अंगाला, मंद उतारावर, दाट गवताचा पट्टा राखावयाचा आणि पाणी त्यावरून पातळ थराने पसरू द्यावयाचे, एवढीच ही युक्ती. गवताच्या काड्या पाण्याचा वेग मोडतात, गाळ खाली बसतो, पाणी मातीत मुरते, मातीतील सूक्ष्म जंतू घाण कुजवितात आणि मुळे तिच्यातील नत्र व स्फुरद उचलतात. मिनेसोटातील एका प्रयोगाचे निष्कर्ष १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यात अशा पट्ट्यांमुळे वाहून जाणारे पाणी ६७ टक्क्यांनी आणि त्यातील घनद्रव्ये ७९ टक्क्यांनी घटली होती. पुढील वर्षी इलिनॉयच्या संशोधकांनी घाणीच्या एकूण वजनापैकी ९५ टक्क्यांपर्यंत भाग गवतात अडल्याचे नोंदविले.

परंतु गवत म्हणजे जादू नव्हे, हेही याच प्रयोगांतून कळले. पाणी पसरण्याऐवजी ओघळ पाडून धावू लागले, तर पट्ट्याचा उपयोग फारच थोडा उरतो. गाळ आधी बसविला नाही, तर गवत त्याखाली गुदमरते. जमीन गोठलेली असेल, तर पाणी मुरतच नाही. आणि गवत कापून नेले नाही, तर स्फुरद मातीत साठत राहतो व नायट्रेट खाली झिरपते. म्हणजे नदी वाचते आणि विहीर नासते!

नेब्रास्कातील क्ले सेंटर येथे, जेथे महायुद्धात नौदलाचे दारूगोळ्याचे कोठार होते, तेथे पुढे सरकारी पशुसंशोधन केंद्र उभे राहिले. या शतकाच्या आरंभी तेथील शास्त्रज्ञांनी वाड्याखाली बांध घालून प्रथम गाळ बसविला आणि निवळलेले पाणी ब्रोम गवताच्या शेतावर सारखे पसरविले. मोजणीच्या वर्षांत त्या शेताबाहेर पाणी गेलेच नाही, आणि कापलेल्या गवताची वैरण झाली. २००३ च्या नियमांनी तळ्याइतकेच संरक्षण सिद्ध करणाऱ्या अशा योजनांना मोठ्या वाड्यांसाठीही दार उघडले. आयोवातील नंतरच्या पाहणीत मात्र काही ठिकाणी शेताबाहेर पाणी गेले. जागा, माती आणि पाऊस पाहिल्यावाचून ही योजना करता येत नाही, हा त्याचा धडा.

गुरांना गवतापासून तोडून माणसाने धंदा वाढविला, आणि त्या धंद्याची घाण निस्तरण्यासाठी त्याला पुन्हा गवतालाच शरण जावे लागले. मात्र गवताच्याही पचनशक्तीला मर्यादा आहे. जमीन किती पचवील हे पाहून जनावरे किती बांधावयाची ते ठरविणे, हा लहान शेतकऱ्याचा जुना हिशेबच अखेर खरा ठरतो.