पुसलेल्या पत्रांची साक्ष

इतिहास लिहिणाराला बखरीपेक्षां पत्राचा भरंवसा अधिक वाटतो, याचें कारण उघड आहे. बखर लिहिली जाते ती पुढील पिढ्यांनीं वाचावी म्हणून. पत्र लिहिलें जातें तें ज्याला धाडावयाचें त्यानें तेवढें वाचावें म्हणून. पत्र लिहितांना माणसाची दृष्टि इतिहासाकडे नसते, आणि नेमक्या त्याच कारणानें तो इतिहासाला खरें सांगून जातो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून हें तत्त्व महाराष्ट्रांतील सुशिक्षितांस निराळें समजावून सांगण्याचें कारण उरलें नाहीं. वाळवी, पावसाचें पाणी आणि वाड्यांतील मंडळींची उदासीनता यांच्या तडाख्यांतून जे रुमाल वांचले, त्यांवर आपला इतिहास उभा आहे.

गेल्या अर्धशतकांत मात्र पत्राचें शरीरच पालटलें. १९७१ सालीं रे टॉम्लिन्सन या अमेरिकन अभियंत्यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील माणसास संदेश धाडण्याची युक्ति सिद्ध केली, आणि माणसाचें नांव व त्याच्या यंत्राचें ठिकाण यांना जोडण्यासाठीं वर्तुळांत बसविलेल्या ‘ए’चें, आज सर्वांच्या ओळखीचें झालेलें चिन्ह योजिलें. त्या युक्तीस पुढें ई-मेल हें नांव रूढ झालें. कागद, शाई व टपालाचा शिक्का हीं सारीं गळून पडलीं. उरल्या त्या चुंबकीय तबकडीवरील सूक्ष्म खुणा. असें पत्र वाळवीस भीत नाहीं. परंतु तबकडी निकामी झाली कीं एखाद्याच्या दहा वर्षांच्या पत्रव्यवहाराचा क्षणार्धांत ग्रास होतो. अशीं गेलेलीं पत्रें परत मिळतात काय, आणि मिळालींच तर तीं कोणामुळें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ यंत्रज्ञाचा वाटेल. गेल्या चाळीस वर्षांतील हकीकत पाहिली म्हणजे तो राज्यकारभाराचा आणि नीतीचाहि प्रश्न आहे, असें आढळून येतें.

प्रथम हीं पत्रें जातात कशीं, तें पाहिलें पाहिजे. संगणकांतील तबकडी मिनिटास हजारों फेरे घेत असते, आणि तिच्यावरील खुणा वाचणारें टोंक तिच्या पृष्ठभागावर, केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतें. तें टोंक तबकडीस भिडलें कीं लेखावर ओरखडा पडतो. यालाच मूळ अर्थानें ‘क्रॅश’ म्हणत. ही झाली अपघाताची वाट. दुसरी वाट पुसण्याची. येथें गंमत अशी आहे कीं, संगणकास पत्र पुसण्याची आज्ञा दिली असतां तो सामान्यतः पत्र पुसतच नाहीं. ग्रंथालयांतील पुस्तक फळीवर जेथल्या तेथें ठेवून त्याची नोंदचिठ्ठी तेवढी फाडावी, तसें तो करतो. पुस्तकाची जागा दुसऱ्या पुस्तकास दिली जाईपर्यंत शोधणारास तें सांपडूं शकतें. आणि या दोहोंहून महत्त्वाची अशी तिसरी गोष्ट म्हणजे नक्कल. मोठ्या कचेऱ्यांतून सर्व लेखांची नक्कल ठराविक वेळीं चुंबकीय फितींवर उतरवून ठेवण्याचा परिपाठ फार जुना आहे. हें काम कंटाळवाणें, बिनमानाचें आणि बहुधा रात्रपाळीचें असतें. पुढील सर्व कथेचा आधार मात्र हेंच काम आहे.

आतां १९८६ सालची गोष्ट पाहूं. वॉशिंग्टन येथें राष्ट्राध्यक्षांच्या राष्ट्रीय सुरक्षा मंडळाच्या कचेरींत आय्. बी. एम्. कंपनीची ‘प्रॉफ्स’ नांवाची ई-मेल पद्धति त्या सुमारास पुरती रुळली होती. मंडळाचे प्रमुख सल्लागार जॉन पॉइंडेक्स्टर आणि त्यांच्या हाताखालील लेफ्टनंट कर्नल ऑलिव्हर नॉर्थ हे तिचा मुक्तहस्तानें उपयोग करीत. इराणला गुप्तपणें शस्त्रें विकावीं आणि त्या विक्रींतील पैसा निकाराग्वांतील बंडखोरांकडे वळवावा, असा व्यवहार त्या वेळीं चालू होता. या बंडखोरांस लष्करी मदत देण्यास अमेरिकन काँग्रेसनें १९८४ सालीं कायद्यानें मनाई केली होती. नॉर्थ यांचे निरोप मधल्या अधिकाऱ्यांच्या नजरेस न पडतां थेट आपल्याकडे यावे, यासाठीं पॉइंडेक्स्टर यांनीं एक स्वतंत्र वाट करून दिली होती व तिला ‘खासगी कोरा धनादेश’ या अर्थाचें नांव दिलें होतें. ज्यानें हें नांव ठेविलें त्याला आपलें नांव कधींकाळीं छापून येईल असें वाटलें नसावें.

३ नोव्हेंबर १९८६ रोजीं लेबनॉनमधील ‘अश्-शिरा’ या नियतकालिकानें शस्त्रविक्रीची बातमी फोडली. २५ नोव्हेंबरला पॉइंडेक्स्टर यांनीं राजीनामा दिला व नॉर्थ यांस दूर करण्यांत आलें. या धामधुमीच्या दिवसांत कागद फाडण्याचीं यंत्रें चालू होतीं, आणि संगणकावरील पत्रेंहि पुसलीं जात होतीं. पॉइंडेक्स्टर यांच्या संग्रहांतून पांच हजारांहून अधिक आणि नॉर्थ यांच्या संग्रहांतून सातशेंहून अधिक पत्रें नाहींशीं झालीं. कागदाचे तुकडे झाले ते झालेच. ते जोडणें कोणासहि साधलें नसतें. संगणकाच्या बाबतींत मात्र या चतुर अधिकाऱ्यांस एका गोष्टीचें भान राहिलें नाहीं. कचेरीच्या संगणकाच्या नकला नित्याप्रमाणें फितींवर उतरल्या होत्या, आणि पत्र लिहिणाऱ्याच्या हातांतील कळ त्या फितींपर्यंत पोहोंचत नव्हती. तपासासाठीं जॉन टॉवर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या मंडळानें २६ फेब्रुवारी १९८७ रोजीं आपला अहवाल सादर केला, त्यांत याच पत्रांतील मजकूर ठिकठिकाणीं उद्धृत केलेला होता. कळ दाबली कीं पत्र कायमचें गेलें अशीच आम्हां सर्वांची प्रामाणिक समजूत होती, या आशयाची कबुली पुढें नॉर्थ यांनीं काँग्रेसच्या समितीसमोर दिली.

या दोघांवर खटले झाले, ज्यूरीनें दोघांसहि दोषी ठरविलें, आणि काँग्रेससमोर अभय घेऊन दिलेल्या साक्षींचा परिणाम खटल्यांवर झाला असावा या कारणास्तव ते निकाल पुढें अपिलांत टिकले नाहींत. न्यायाच्या दृष्टीनें प्रकरण असें अर्धवट संपलें. इतिहासाच्या दृष्टीनें तें संपलें नव्हतें.

१९८९ च्या जानेवारींत राष्ट्राध्यक्ष रीगन यांची कारकीर्द संपत आली. नव्या मंडळींसाठीं यंत्रें मोकळीं करावयाचीं म्हणून जुनी पत्रें पुसून टाकण्याचा बेत ठरला. तो हाणून पाडण्यासाठीं पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग आणि १९८५ सालीं स्थापन झालेली नॅशनल सिक्युरिटी अर्काइव्ह ही खासगी संस्था यांनीं कारकीर्दीच्या अखेरच्या पूर्ण दिवशीं, म्हणजे १९ जानेवारीला, न्यायालयांत धांव घेतली. न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनीं त्याच दिवशीं तात्पुरता मनाईहुकूम दिला व फिती वांचल्या.

यानंतर चार वर्षें जो वाद चालला तो दप्तरशास्त्राच्या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. सरकारचें म्हणणें असें कीं, ई-मेल म्हणजे टेलिफोनवरील निरोपाच्या चिठ्ठीसारखी क्षुल्लक वस्तु. तिला दप्तर म्हणतां येत नाहीं. शिवाय एखादें पत्र महत्त्वाचें असलेंच तर तें कागदावर छापून ठेवलें म्हणजे झालें, यंत्रांतील प्रत मग पुसावयास हरकत कोणती? न्यायाधीश चार्ल्स रिची यांनीं ६ जानेवारी १९९३ रोजीं हें म्हणणें फेटाळलें. कागदावर पत्राचा मजकूर उतरतो. पण तें कोणीं धाडलें, कोणाकोणास पोहोंचलें आणि केव्हां पोहोंचलें, ही यंत्रानें ठेवलेली नोंद त्या कागदावर सर्वस्वीं येतेच असें नाहीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वरिष्ठ न्यायालयानेंहि हाच अभिप्राय उचलून धरला. आपल्याकडील संशोधकास हा मुद्दा सहज पटण्यासारखा आहे. मित्ती नसलेल्या आणि मायना फाटलेल्या पत्रानें त्याचे किती दिवस खाल्ले असतील, तें त्याचें त्यालाच ठाऊक!

येथवर पाहिलीं तीं हेतुपुरस्सर पुसलेलीं पत्रें. यंत्राच्या चुकीनें गेलेल्या पत्रांचा न्याय निराळा लागतो कीं काय, हें पाहण्यास २०११ हें एकच साल पुरेसें आहे.

त्या वर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस गूगल कंपनीच्या जीमेल या टपालसेवेंतील कांहीं लोकांनीं आपली पेटी उघडली तों ती रिकामी! वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार, मुलांचीं छायाचित्रें, हिशेब, सगळें नाहींसें झालेलें. कंपनीनें दिलेल्या आकड्याप्रमाणें हे लोक एकूण वापरणारांच्या शेंकडा ०.०२, म्हणजे दहा हजारांत दोन, इतकेच होते; पण ज्याची पेटी रिकामी झाली त्याला प्रमाण सांगून काय उपयोग? कंपनी प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती निरनिराळ्या ठिकाणच्या यंत्रांत ठेवीत असे. मग त्या साऱ्या एकदम कशा गेल्या? कारण असें कीं, दोष तबकडींत नव्हता. साठवणुकीच्या नव्या आज्ञावलींत होता, आणि ती आज्ञावली सर्व प्रतींवर सारखीच चालत होती. एकाच विहिरीचें पाणी दहा घागरींत भरून ठेवलें म्हणजे विहीर नासल्यावर दहाहि घागरी नासतात. वांचल्या त्या पुनः फितीच! यंत्रापासून विलग करून ठेवलेल्या फितीस त्या आज्ञावलीचा संसर्ग होणें शक्यच नव्हतें. फितींवरून पत्रें उतरविण्यास वेळ लागला, पण तीं उतरविलीं गेलीं व लोकांच्या पेट्या पुनः भरल्या. जगांतील अत्यंत आधुनिक कंपनीस संकटसमयीं जुन्या काळच्या फितीनें हात दिला.

त्याच वर्षीं जून महिन्यांत अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्यांतील एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याच्या संगणकाची तबकडी निकामी झाली. खात्याच्या यंत्रज्ञांनीं प्रयत्न केले. पत्रें निघेनात, आणि अखेर ती तबकडी नष्ट करण्यांत आली. दोन वर्षांनीं, २०१३ सालीं, विशिष्ट राजकीय मतांच्या संस्थांचे करमाफीचे अर्ज या अधिकाऱ्याच्या विभागानें मुद्दाम रखडविले असा बोभाटा झाला आणि काँग्रेसनें तिचीं पत्रें मागितलीं. पत्रें तबकडीबरोबर गेल्याचें खात्यानें काँग्रेसला कळविलें तें २०१४ च्या जूनमध्यें. मग तपासनीस फितींच्या शोधास लागले. त्यांना आढळलें तें असें: फिती पुसूं नयेत असा हुकूम सुटलेला असतांहि वेस्ट व्हर्जिनियांतील मार्टिन्सबर्ग येथील केंद्रांत २०१४ च्या मार्चमध्यें ४२२ फिती चुंबकानें पुसून टाकण्यांत आल्या होत्या, आणि त्यांवर २४,००० पर्यंत पत्रें असण्याचा संभव होता. इतर ठिकाणांहून हजाराहून थोडीं अधिक नवीं पत्रें काय तीं हातीं लागलीं. हें कृत्य पुरावा दडविण्याच्या हेतूनें झाल्याचें तपासनिसांस आढळलें नाहीं. रात्रपाळीच्या माणसांनीं नेहमींचें काम नेहमींप्रमाणें केलें. हुकूम त्यांच्यापर्यंत नीट पोहोंचलाच नव्हता.

हीं तीन प्रकरणें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. १९८६ सालीं बलिष्ठ अधिकाऱ्यांनीं बुद्धिपुरस्सर पुसलेलीं पत्रें वांचलीं, आणि २०१४ सालीं ज्यांचा नाश व्हावा असें कोणीं ठरविल्याचें सिद्ध झालें नाहीं तीं पत्रें नष्ट झालीं. तेव्हां पत्राचें भवितव्य पुसणाराच्या इच्छेवर अवलंबून नाहीं आणि यंत्राच्या मजबुतीवरहि नाहीं. यंत्र आज ना उद्यां मोडावयाचेंच. तें मोडण्यापूर्वीं कोणीं नक्कल केली, ती मूळ प्रतीपासून दूर ठेवली, आणि ती राखण्याचा हुकूम अगदीं शेवटच्या कामगारापर्यंत पोहोंचविला, यावर सारें अवलंबून आहे. पडलेल्या तबकडींतून खुणा वाचून काढणाऱ्या कुशल कारागिरांची थोरवी मी नाकारीत नाहीं. परंतु या इतिहासांत यश आलें तें फितींस, आणि कारागीर हरले तेथें फितीहि राहिल्या नव्हत्या.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, प्रत्येक पत्राची नक्कल कोठेंतरी राहाणार असेल तर माणसानें मन मोकळें करावें तरी कोठें? आक्षेप खरा आहे, आणि खासगी पत्रांपुरता तो मान्यच केला पाहिजे. आपलें पत्र जाळण्याचा अधिकार माणसास पूर्वीं होता, तो आजहि असला पाहिजे. परंतु सत्तेच्या आसनावर बसून लिहिलेलें पत्र लिहिणाराच्या मालकीचें नसतें. तें रयतेचें असतें, आणि रयतेच्या वतीनें तें सांभाळण्याचें काम दप्तरदाराचें असतें. वॉशिंग्टनच्या न्यायालयानें सांगितलें तें, यंत्रांतील बारीकसारीक बाजूला ठेवलें तर, एवढेंच आहे.

आणि घरगुती पत्रांचें काय? आपल्या आजोबांचीं पत्रें तारेंत ओंवून खुंटीला टांगलेलीं असत. कोणीं जपावयाचें न ठरवितांहि तीं दोन पिढ्या टिकलीं. परदेशीं गेलेल्या मुलाचीं आजचीं पत्रें तशीं आपोआप टिकणार नाहींत. जीं ठेवावयाचीं तीं निवडून त्यांची एक प्रत यंत्राबाहेर, दुसऱ्या ठिकाणीं ठेवण्याचें काम घरांतील कोणीतरी अंगावर घेतलें पाहिजे. काम कंटाळवाणें आहे. त्याबद्दल कोणी आभारहि मानणार नाहीं. निदान यंत्र बंद पडेपर्यंत तरी नाहीं.