अधिशोषित वायूंचे अवरक्त वर्णपटविज्ञान

अधिशोषित वायूंचे अवरक्त वर्णपटविज्ञान ही घन पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या वायुरेणूंचा अवरक्त किरणांच्या साहाय्याने अभ्यास करण्याची पद्धती आहे. ॲल्युमिना, मॅग्नेशिया, टायटॅनिया, झिंक ऑक्साइड इत्यादी धातूंची ऑक्साइडे उत्प्रेरक म्हणून अथवा उत्प्रेरकांचे आधारद्रव्य म्हणून वापरली जातात. उत्प्रेरणाची विक्रिया त्यांच्या पृष्ठभागावरील ठरावीक स्थानांवर घडते. क्ष-किरण विवर्तनाने मुख्यतः स्फटिकाच्या अंतर्भागाची रचना कळते. पृष्ठभागावरील स्थानांची ओळख पटवण्यासाठी लहान रेणूंचा 'शोधक' म्हणून उपयोग करतात.

तत्त्व

रेणूतील अणू सतत कंप पावत असतात. कंपनामुळे रेणूचे द्विध्रुव परिबल बदलत असल्यास तो विशिष्ट तरंगसंख्येचे (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या तरंगांची संख्या) अवरक्त प्रारण शोषतो. रेणू पृष्ठभागाला चिकटला की त्याचे बंध बलवान किंवा दुर्बल होतात आणि शोषणपट्टाचे स्थान सरकते. हे सरकणे हीच पृष्ठभागाविषयीची माहिती होय.

शोधक रेणू

कार्बन मोनॉक्साइड : मुक्त अवस्थेत याची तरंगसंख्या २१४३ प्रति सेंमी असते. ऑक्साइडावरील धनायनाशी कार्बनच्या बाजूने जोडला गेल्यास ती सामान्यतः वाढते. जस्ताच्या धनायनावर ती सुमारे २१९० होते. याउलट प्लॅटिनमसारख्या धातूवर धातूतील इलेक्ट्रॉन रेणूकडे जाऊन त्याचा बंध दुर्बल करतात व तरंगसंख्या घटते. ऑक्साइडांवर हा वायू दुर्बलपणे चिकटत असल्याने नमुना अनेकदा द्रव नायट्रोजनाने थंड करतात.

पिरिडीन : याच्या बाष्पामुळे अम्लस्थानांचे प्रकार ओळखता येतात. १४५० च्या आसपासचा पट्ट लुईस अम्लस्थाने, तर १५४० च्या आसपासचा पट्ट प्रोटॉन देणारी ब्रन्स्टेड अम्लस्थाने दर्शवतो.

कार्बन डायऑक्साइड : मॅग्नेशियासारख्या ऑक्साइडाच्या आम्लारिधर्मी स्थानांवर यापासून कार्बोनेटे तयार होतात. त्यांचे पट्ट साधारणतः १३०० ते १७०० या पल्ल्यात आढळतात.

हायड्रोजन : दोन समान अणूंचा हा मुक्त रेणू अवरक्त प्रारण शोषत नाही. मात्र झिंक ऑक्साइडावर सुमारे १७१० आणि ३४९० प्रति सेंमी येथे दोन पट्ट दिसतात. पहिला जस्त-हायड्रोजन बंधाचा व दुसरा ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचा असतो. यावरून रेणू दुभंगून एक अणू जस्ताला व दुसरा ऑक्सिजनाला जोडला गेल्याचे सिद्ध होते.

कार्यपद्धती

ऑक्साइडाची भुकटी दाबून तिची पातळ चकती करतात. ती निर्वात कोशात तापवून पृष्ठभागावरील पाणी व अशुद्ध द्रव्ये काढून टाकतात आणि वर्णपट नोंदवतात. नंतर मोजका वायू सोडून पुन्हा वर्णपट घेतात. दुसऱ्यातून पहिला वजा केल्यावर अधिशोषित रेणूंचे पट्ट उरतात. चकतीतून प्रकाश पुरेसा पार जात नसल्यास विसरित परावर्तनाची पद्धत वापरतात.

इतिहास

सोव्हिएत संघात अलेक्सांद्र तेरेनिन यांनी १९४० च्या दशकात या क्षेत्रात प्रारंभिक कार्य केले. अमेरिकेत आर. पी. आयशेन्स व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सिलिकावर पसरवलेल्या धातूंवरील कार्बन मोनॉक्साइडाचे वर्णपट प्रसिद्ध केले. झिंक ऑक्साइडावरील हायड्रोजनाचा वरील अभ्यासही त्यांच्याच गटाने १९६२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे फूरिए रूपांतर वर्णपटमापकांमुळे मापन जलद व अधिक संवेदनशील झाले.

मर्यादा

बहुतेक ऑक्साइडे सुमारे १००० प्रति सेंमीच्या खाली स्वतःच प्रारण शोषतात, त्यामुळे तेथील पट्ट झाकले जातात. पट्टाच्या तीव्रतेवरून रेणूंची संख्या थेट काढता येत नाही. त्यासाठी शोषण गुणांक स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. शिवाय सर्वांत ठळक पट्ट देणारा रेणू विक्रियेत भाग घेत असेलच असे नाही. पृष्ठभागावर घट्ट बसलेला रेणू केवळ 'प्रेक्षक' असू शकतो व खरा मध्यस्थ अल्पायुषी असल्याने नजरेतून सुटू शकतो. म्हणून विक्रिया चालू असतानाच वर्णपट घेऊन कोणता पट्ट उत्पादिताच्या निर्मितीच्या वेगाशी जुळत बदलतो, हे तपासले जाते.